पदर आणि चाळ

सुलोचना चव्हाण रंगमंचावर यायच्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर पदर असायचा. काठापदराची साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू, समोर मायक्रोफोन. ढोलकीवर थाप पडली की त्या पदराआडून असा आवाज निघायचा की शेवटच्या रांगेतला माणूसही खुर्चीत पुढे सरकून बसायचा. गाण्यात ज्वानीचा तोरा, लाडिक तक्रार, सरळसरळ आवतण. बाई मात्र जागच्या हलायच्या नाहीत. आचार्य अत्र्यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटलं आणि महाराष्ट्रानं ते मान्य केलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या.

त्या गेल्यावर जे लेख वाचनात आले, त्यांत तो पदर पुन्हा पुन्हा येत होता. इतक्या शृंगारिक लावण्या गायल्या, पण डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, असं कौतुकानं लिहिलेलं. लिहिणाऱ्यांच्या मनात आदरच होता. तरी त्या वाक्यातला ‘पण’ मला खुपला. लावणी आणि पदर या एकमेकींच्या विरुद्ध गोष्टी आहेत, हे त्या ‘पण’नं गृहीत धरलं होतं. हे पुस्तक त्या एका शब्दापाशी सुरू झालं.

कारण लावणी नाचणारी बाई नेसते काय, ते एकदा नीट पाहायला हवं. कासोटा घालून चापूनचोपून नेसलेलं नऊवारी लुगडं, घोट्यापर्यंत. अंगात चोळी, कमरेला पट्टा, खोप्यावर गजरा, पायांत चाळ. उघडे दिसतात ते चेहरा, हात आणि पाठीचा थोडा भाग. असंच लुगडं, असाच कासोटा घालून माझी आजी पंढरीच्या वारीला जायची आणि शेतात खुरपायला बसायची. आजीच्या अंगावर जे सोज्वळ, ते फडावरच्या बाईच्या अंगावर चाळवणारं कसं झालं? कापड तेच आणि लांबीही तीच. मोजपट्टी घेऊन अश्लीलता शोधायला निघालेल्या माणसाच्या हाती इथं काहीच लागत नाही.

बैठकीच्या लावणीत तर बाई उठतसुद्धा नाही. यमुनाबाई वाईकरांची बैठक ज्यांनी पाहिली, ते सांगतात की एकच ओळ त्या पुन्हा पुन्हा घ्यायच्या आणि दर वेळी तिचा अर्थ पालटायचा. एकदा भुवई उचलून, एकदा बोटानं पदराचं टोक गुंडाळत, एकदा नुसती नजर खाली टाकून. लाजण्याचे किती प्रकार असतात, हे त्या लावणीतून दाखवत. याला अदा म्हणतात आणि ती शिकायला वर्षं जातात. लाज हा ज्या कलेचा कच्चा माल आहे, त्या कलेलाच आपण निर्लज्ज म्हणत आलो. यमुनाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, 2012 साली पद्मश्री मिळाली, आणि 2018 मध्ये शंभरी ओलांडून त्या गेल्या. घराबाहेर जे बोलता येत नाही, त्याचं व्याकरण त्यांच्यासारख्या बायकांनी सांभाळलं.

हे बोलणं मुळात बायकांचं होतं का, हा प्रश्न मला सर्वांत अवघड गेला. उत्तर पेशवाईतल्या लावण्यांची रचना पुरुषांनी केली. होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ शिकलगार, राम जोशी सोलापूरचा ब्राह्मण. नाना जातींचे हे शाहीर बाईच्या तोंडून बोलत होते. विरहानं तळमळणारी, सवतीवर चिडलेली, परगावी गेलेल्या शिपाईगड्याची वाट पाहणारी स्त्री त्यांनी उभी केली. ती पुरुषाच्या लेखणीतून आली आणि पुष्कळदा पुरुषाच्याच देहातून फडावर उतरली. लुगडं नेसून नाचणारा मुलगा, तमाशाच्या भाषेत नाच्या, हा त्या जुन्या फडाचा प्राण होता. म्हणजे स्त्रीच्या वासनेचं गाणं पुरुषानं रचलं, पुरुषानं नाचलं आणि पुरुषांनी पाहिलं. बाई घरी होती.

पुढे तमाशाच्या बोर्डावर बाई उभी राहिली. पहिली म्हणून नाव घेतलं जातं ते संगमनेरजवळच्या हिवरगावच्या पवळाचं. ती महार समाजातली. तिच्यासोबत उभा राहिला श्रीधर कृष्णा कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचा ब्राह्मण, ज्याला महाराष्ट्र पठ्ठे बापूराव म्हणून ओळखतो. त्याला जात सोडावी लागली, हाल सोसावे लागले, आणि 1945 साली तो गरिबीत गेला. त्याच्या त्यागाची गोष्ट आपण सांगत राहिलो, त्याच्या नावाचा सिनेमाही निघाला. पवळेच्या वाट्याला मुख्यतः तिच्या रूपाची वर्णनं आली. तिनं काय सोडलं, काय सोसलं, याची चौकशी कमीच झाली. तिच्याकडे सोडण्यासारखं काही नव्हतंच, असं मानलं गेलं असावं. तिची अब्रू आधीच हिशेबाबाहेर होती.

याच काळात शहरातल्या नाट्यगृहांत दुसरीच गोष्ट घडत होती. बालगंधर्व शालू नेसून रंगमंचावर यायचे आणि प्रेक्षागृहातल्या घरंदाज बायका त्यांच्याकडे पाहून साडी कशी नेसावी, पदर कसा घ्यावा, मान कशी वेळावावी हे शिकायच्या. मराठी मध्यमवर्गातल्या कुलीन स्त्रीचा नमुना काही अंशी एका पुरुषानं घडवला. हे मी हेटाळणीनं सांगत नाही. गंधर्वांची ती कला थोरच होती. पण विनय ही बाईची उपजत वस्तू आहे असं कुणी म्हणू लागलं, की मला गंधर्वांचा पदर आठवतो. तो शिकून घेतलेला होता, आणि पाहणाऱ्यांनीही तो शिकूनच घेतला.

बाईला मानानं गायचं असेल तर काय करावं लागलं, हे पाहायला हिराबाई बडोदेकरांकडे वळावं लागतं. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमधल्या त्या एक. दोन्ही खांद्यांवरून पदर, स्थिर बैठक, हातवारे जवळजवळ नाहीत, सूर मात्र अखंड. गाणारी म्हणजे नाचणारी, नाचणारी म्हणजे विकत मिळणारी, अशी समजूत असलेल्या काळात हिराबाईंनी आपलं शरीर गाण्यामागे सारलं आणि पुढच्या पिढ्यांतल्या मुलींना गाणं शिकायची वाट मोकळी करून दिली. त्यांचे उपकार मोठे आहेत. त्या वाटेवर एक गोष्ट मागे टाकावी लागली, ती म्हणजे अदा. गळ्याला प्रतिष्ठा मिळाली ती देहापासून सुटल्यावर.

सिनेमानं हेच काम अधिक सफाईनं केलं. पार्श्वगायनानं लावणीचे तुकडे पाडले. आवाज पदर घेतलेल्या बाईचा, देह पडद्यावरच्या नटीचा, शब्द गीतकाराचे. ‘सांगत्ये ऐका’ 1959 साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला. ‘पिंजरा’ 1972 साली आला आणि तमाशातल्या बाईपायी धुळीला मिळालेला मास्तर घराघरांत पोहोचला. मध्यमवर्गानं लावणी डोक्यावर घेतली ती या वाटेनं, सहकुटुंब, तिकीट काढून. जिच्या अंगात आवाज, देह आणि अदा एकत्र नांदत होते, ती बाई चौफुल्याला, मोडनिंबला, जामखेडला आपल्या पार्टीसोबत राहिली. पडद्यावरची लावणी पाहायला अख्खं घर जायचं. थिएटरातली बारी पाहायला घरातला एकटा पुरुष जायचा, आणि तोही घरी न सांगता.

चौफुल्याकडच्या त्या घरांविषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण या पुस्तकाचा गाभा तिथं आहे. संगीत बारीत नाचणाऱ्या अनेक बायका कोल्हाटी समाजातल्या. त्या घरांत लेक नाचते. एखाद्या धनिकाकडून पैसे घेऊन तिचा ‘चिरा उतरवला’ जातो, मग ती लग्नाची राहत नाही, आणि तिच्या कमाईवर आईबाप, भाऊ, भावाची मुलं जगतात. त्याच घरात भावाची बायको येते. तिनं नाचायचं नाही. तिनं डोक्यावर पदर घ्यायचा, परपुरुषासमोर यायचं नाही, रांधायचं आणि घर सांभाळायचं. एका छपराखाली दोन बायका. एकीच्या पायांतल्या चाळांवर दुसरीच्या डोक्यावरचा पदर टिकून आहे. किशोर शांताबाई काळे यांनी 1994 साली ‘कोल्हाट्याचं पोर’ लिहून हे घर आतून दाखवलं. पुढे डॉक्टर झालेल्या त्या मुलानं बापाच्या नावाच्या जागी आईचं नाव लावलं. त्या नावातच सगळा ग्रंथ आहे.

हे वाचल्यावर मला वाटलं, हे केवळ एका जातीचं विचित्र वळण म्हणून बाजूला ठेवणं अप्रामाणिकपणाचं होईल. उभ्या महाराष्ट्राचं घर असंच चालत आलंय. कुणाच्या तरी घरच्या बाईची अब्रू शाबूत राहावी म्हणून दुसऱ्या कुणाची बाई अब्रूच्या बाहेर ठेवायची. बाहेर ठेवलेली बहुतेक वेळा महार, मांग, कोल्हाटी, डोंबारी. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात अश्लीलतेची ही गाठ जातीशी कशी बांधलेली आहे, ते विस्तारानं दाखवलं. माझं म्हणणं त्यांच्याइतकं व्यापक नाही. मला फक्त एवढं दिसलं की आपल्याकडे किती अंग दिसतं यावरून लाज ठरत नाही. दिसणारं अंग कुणाचं आहे, यावरून ठरते.

याला पुरावा हवा असेल तर दोन सालं शेजारी ठेवून पाहावीत. 1938 साली मास्टर विनायक यांचा ‘ब्रह्मचारी’ आला. लेखन अत्र्यांचं. त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात पाण्यात उतरल्या. गहजब झाला, टीका झाली आणि चित्रपट तुफान चालला. आज ते गाणं आपण कौतुकानं आठवतो. त्यानंतर दहा वर्षांनी, 1948 च्या सुमारास, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली. कारण अश्लीलता. घोट्यापर्यंत लुगडं नेसलेल्या बायकांचे फड बंद झाले. शेकडो लोकांची चूल थंडावली. मग तमाशा ‘सुधारायचा’ असं ठरलं, वग तपासले जाऊ लागले, बतावणीतल्या द्वयर्थी जागांवर कात्री चालली. बतावणीतला सोंगाड्या मावशीशी बोलता बोलता पाटलाची, सावकाराची, पुढाऱ्याचीही टर उडवायचा. त्या कात्रीत वाह्यात विनोदासोबत किती शहाणा विनोद गेला असेल, याची हळहळ मला आजही वाटते.

सरकारी कात्रीची गोष्ट मोठी आहे आणि पुस्तकात ती दोन प्रकरणांत आली आहे. इथं फक्त रघुनाथ धोंडो कर्व्यांपुरतं बोलतो. मुंबईत 1921 साली त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी प्राध्यापकाची नोकरी गेली. 1927 च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि 1953 मध्ये मरेपर्यंत चालवलं. गुप्तरोग, हस्तमैथुन, समसंभोग, स्त्रीची लैंगिक इच्छा, सगळ्यावर ते सरळ, कोरड्या, गणिताच्या मास्तराच्या मराठीत लिहायचे. त्या भाषेत चाळवण्यासारखं काही नव्हतं. तरी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले आणि दंडही झाला. 1934 च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. वाचक आपल्या शरीराविषयी प्रश्न विचारत असतील तर उत्तर देणं हा गुन्हा कसा, आणि लैंगिक विषयावर लिहिलेलं सगळंच अश्लील कसं, हा त्या बचावाचा रोख होता. खटला हरले. पण ज्या समाजाच्या बायकांना फडावर नाचवून पुन्हा त्यांनाच नीतिबाह्य ठरवलं जात होतं, त्या समाजाचा नेता कर्व्यांच्या बाजूनं उभा राहिला, याला मी योगायोग मानत नाही.

कर्व्यांच्या मजकुरात शृंगार नव्हता आणि लावणीत शास्त्र नव्हतं. दोन्ही एकाच आरोपाखाली आले, कारण दोन्हीकडे बाईला इच्छा असते हे गृहीत होतं. ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी हेच झालं. तेंडुलकरांचं ते नाटक 1972 साली कमलाकर सारंगांनी उभं केलं, परिनिरीक्षण मंडळानं अडवलं आणि ते उच्च न्यायालयातून सोडवून आणावं लागलं. लालन सारंगांच्या चंपानं रंगमंचावर साडी बदलण्याचा केवढा बोभाटा झाला. माझ्या मते खरी भीती साडीची नव्हती. नवऱ्याला लाथ घालून निघालेली, दारू मागणारी आणि आपल्या देहाचा व्यवहार स्वतः बोलून दाखवणारी बाई दादर-गिरगावच्या प्रेक्षकासमोर उभी होती. फडावर ती चालली असती.

त्यानंतरची पायरी 2005 सालची. महाराष्ट्र सरकारनं डान्स बार बंद केले. तीन तारे आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र त्या कायद्यात सूट होती. 2006 मध्ये उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच मत कायम ठेवलं. मग नवे कायदे, नव्या अटी, 2019 मध्ये त्यातल्या अनेक अटीही गेल्या. बारमधल्या मुली घागरा-चोळीत किंवा साडीतच नाचायच्या. त्यांतल्या कितीतरी जणी परंपरेनं नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतून आलेल्या. म्हणजे 1948 मध्ये ज्यांच्या पायांतून चाळ काढायला लावले, त्यांच्याच भावकीतल्या नाती पुन्हा रस्त्यावर आल्या. बंदीच्या बाजूनं बोलणाऱ्यांत उद्ध्वस्त संसारांची काळजी खरी असलेली माणसंही होती, हे मी नाकारत नाही. मुलींची पिळवणूकही खरी होती. पण पिळवणूक थांबवायची तर पिळणाऱ्याचा हात धरावा लागतो. आपण दर वेळी नाचणारीचे पाय धरले.

लावणीत सगळं निर्मळ आहे, असा दावा या पुस्तकात नाही. दौलतजादा करणाऱ्याच्या हातातल्या नोटेत किती माज असतो, हे मी पाहिलंय. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे: दिवस भरलेले असताना नाचत होत्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या. ही गोष्ट आपण कलेवरच्या निष्ठेची म्हणून सांगतो. मला ती ऐकवत नाही. बाळंतिणीला अंथरुणावर पडून राहण्याचा हक्क मिळाला नाही, एवढंच मला त्यात ऐकू येतं. त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, आज त्यांच्या नावानं राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. स्वतः विठाबाईंचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले.

आता हे पुस्तक लिहिणाऱ्या माणसाविषयी. मी पुरुष आहे आणि लावणी मी पहिल्यांदा पुरुषांच्या गर्दीत बसून पाहिली. आमच्या गावच्या जत्रेत तमाशा यायचा. चैत्रात गावकारभारी नारायणगावला जाऊन राहुट्यांमधून फड ठरवून यायचे, सुपारी द्यायचे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना चुलत्यानं मला कनातीत नेलं. आई दारात उभी होती. कनात आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होती, त्यामुळे ढोलकी, गण, गवळण, लावणी, सगळं तिला रात्रभर ऐकू येत असणार. सकाळी तिनं मला काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही. तिच्यासमोर ते बोलायचं नसतं, हे मला न शिकवताच कळलं होतं.

पुढे पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत ‘फक्त महिलांसाठी’ लावणीचे कार्यक्रम होऊ लागले. दुपारचा खेळ, दारावर पुरुषांना मज्जाव. त्या खेळांविषयी पुस्तकात शेवटचं प्रकरण आहे आणि ते मी बायकांकडून ऐकून लिहिलंय, कारण मला आत जाता आलं नाही. साठी उलटल्यावर आई माझ्या बहिणीसोबत असा एक खेळ पाहून आली. बहीण सांगत होती, सुरुवातीला आई पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. आजूबाजूच्या बायका शिट्ट्या वाजवत होत्या, पदर खोचून खुर्च्यांच्या मधल्या वाटेत नाचत होत्या. नाचणारी बाई खाली उतरून त्यांच्यात आली, तेव्हा आईनं तिचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. ती मोठमोठ्यानं हसत होती, म्हणाली बहीण. तिला इतकं हसताना आम्ही दोघांनीही कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाज येत होता आणि त्या ठेक्यावर आई कालची लावणी गुणगुणत होती. चाल बरोबर होती. शब्द तर सगळे पाठ होते, म्हणजे ते कालचे नव्हतेच, फार जुने असणार. मी उंबऱ्याशी थांबून ऐकत राहिलो. मग चहा घ्यायला म्हणून आत गेलो, आणि ती गायची थांबली.